गोठलेल्या मातीवर उगवलेला घट

मित्रांनो, गोष्ट सांगायला बसले आहे खरी, पण ती सलग सांगता येईल असे वाटत नाही. मी एक जुनी माती आहे. किती जुनी, ते मोजायचे ठरले होते आणि मोजायचे राहून गेले. माझ्यातून जे उडून गेले, त्याच्याबरोबर त्या त्या थराची आठवणही गेली. म्हणून माझ्या गोष्टीत मधे मधे भोके पडतील. तिथे मी थांबेन, तुम्हाला भोक दाखवीन आणि पुढे जाईन.

माझा जन्म रशियाच्या उत्तर टोकाला झाला. त्या मुलखाला टुंड्रा म्हणतात. तिथे उंच झाड नाही. उन्हाळा येतो तो घाईच्या पाहुण्यासारखा, चहा घेतो आणि उठतो. तेवढ्या वेळात शेवाळ हिरवे होते, लव्हाळ्यासारखे गवत वर येते, बोटाएवढी झुडपे जमिनीला चिकटून पाने काढतात. मग थंडी येते. तुमच्याकडे गळलेले पान कुजते. थोड्याच काळात त्याची थोडी माती होते आणि बाकीची हवा. आमच्याकडे कुजायला सवडच मिळत नाही. पान पडते आणि गोठते. पुढच्या वर्षीचे पान त्याच्यावर पडते, तेही गोठते. हजारो वर्षांच्या अशा पानांची आणि मुळांची चळत म्हणजे मी.

माझे काम एकच होते, धरून ठेवणे. पानांनी हवेतून घेतलेला कार्बन मी पोटात धरून ठेवला होता. माझ्यात सूक्ष्म जीवही होते, कोट्यवधी. तेही गोठून झोपलेले. ताटे वाढून ठेवलेली आणि जेवणारे सगळे झोपलेले, अशी ती पंगत होती. कोणी जागे होऊ नये, एवढीच काळजी.

[इथे एक थर होता. त्यात कोणा मोठ्या प्राण्याचे केस होते, असे वाटते. खात्री देत नाही.]

मग उन्हाळे लांबू लागले. वरचे थर खाली निरोप पाठवीत. या वर्षी पाणी नेहमीपेक्षा खोल आले आहे. बोटाएवढी झुडपे गुडघ्याएवढी झाली आहेत. वरून पाहणाऱ्याला वाटत असेल, काय छान हिरवे झाले. पण त्या झुडपांमध्ये हिवाळ्यातला भुसभुशीत बर्फ अडकून साचे, आणि ती गोधडी अंगावर पडली की जमीन पूर्वीसारखी गारठत नसे. माझ्या वरचे एकदोन थर हिवाळ्यातही पुरते झोपेनासे झाले. मला खालून ते चावण्याचे आवाज ऐकू येत. बारीक, एकसारखे. मित्रांनो, भीती मला तेव्हापासून माहीत आहे.

अशा एका उन्हाळ्यात माझ्या डोक्यात लोखंडी नळी घुसली.

ती नळी फिरवणाऱ्यांत अपर्णा होती. सुरतेच्या एका कॉलेजातली तरुण प्राध्यापिका. सुरतेजवळच्या चलथाणच्या उसाच्या शेतात जाऊन मातीचा श्वास मोजणे, हा तिचा अभ्यास. श्वास म्हणजे मातीतले जीव जेवतात तेव्हा बाहेर पडणारा कार्बन वायू. रशियाच्या एका मोहिमेत तिला जागा मिळाली होती. हातभर लांबीचा माझा तुकडा तिने कोरड्या बर्फात गुंडाळला आणि कोण जाणे किती परवानग्या काढून, विमानाने आणि रेल्वेने, सुरतेला आणला.

प्रयोगशाळेत तिने मला उभे चिरले. एक अर्धा भाग काचेच्या बरणीत ठेवून हळूहळू ऊबेला आणला. ती माझी जुळी बहीण. दुसरा अर्धा भाग डीप फ्रीजमध्ये, ती मी. बरणीतली बहीण वितळली. तिच्यातले जीव उठले आणि जेवायला बसले. अपर्णाच्या यंत्रावरचा काटा चढत गेला. बहिणीने सोडलेली ती हवा अपर्णाने काचेच्या कुप्यांत भरून मेणाने बंद केली.

पण तिचे वरिष्ठ म्हणाले, हा श्वास कशाचा आहे ते दाखवा. वर चिकटलेल्या कालपरवाच्या शेवाळाचा असेल तर त्यात विशेष काही नाही. आज सुटले ते उद्याचे झाड परत घेईल. हजारो वर्षे कोंडलेले जुने बाहेर येत असेल, तर ती हवेवर नवी भर आहे आणि ती गोष्ट गंभीर आहे. याचे उत्तर देण्याचा एकच मार्ग होता. कुप्यांतली हवा आणि न वितळलेली मी, दोघींतल्या कार्बनचे वय मोजायचे. ते जुळले, तर सिद्ध झाले. अहमदाबादच्या एका प्रयोगशाळेत त्यासाठी दिवाळीनंतरची तारीख मिळाली होती.

तोवर मी वितळता कामा नये. मित्रांनो, बाकी सगळे विसरलात तरी चालेल, हे एवढे धरून ठेवा.

*

ते १९९४ साल होते. सप्टेंबरात सुरतेत प्लेगची बातमी फुटली.

मी डीप फ्रीजमध्ये होते, तरी शहर रिकामे होताना मला कळत होते. आधी आवारातल्या स्कूटरी गेल्या. मग रस्त्यावरचा गोंगाट गेला. मग कापडाचे यंत्रमाग थांबले. सुरतेत माग थांबणे म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचे नाही. जमिनीतून रात्रंदिवस येणारा जो थरकाप असतो, तो एकदम नाहीसा झाला. लोक तोंडाला रुमाल बांधून, खिशात प्लेगवरच्या कॅप्सूल घेऊन स्टेशनाकडे पळत होते.

कॉलेज बंद झाले. इमारत मोकळी करून विजेचा मुख्य स्विच काढून ठेवायचे ठरले. अपर्णाने विनवण्या केल्या. तिचे म्हणणे चुकीचे आहे असे कोणी म्हटले नाही. फक्त तिच्यासाठी कोणी थांबले नाही.

तिचे वडील अशोकराव बँकेत होते. नाशिकची तिकिटे खिशात घालून ते प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहिले. ती म्हणाली, तुम्ही आईला घेऊन जा, मी राहते. त्यावर ते चिडले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "माती सांभाळायला तू राहशील. तुला सांभाळायला कोणी उरलंय का इथे?"

तिने डीप फ्रीजवर हात ठेवला होता. तो हात तिने काढला.

प्रयोगशाळेचा शिपाई सुकदेव सुरतेच्याच लिंबायत वस्तीत राहत असे. मूळचा खानदेशचा. त्यालाही गावी जायचे होते, पण गावाने निरोप धाडला होता की सुरतेहून कोणी येऊ नका, वेशीवर अडवू. म्हणून तो, त्याची बायको सरलाबाई आणि आई इंदुबाई शहरातच अडकले होते. कॉलेजच्या फाटकावर पहाऱ्याचे कामही त्याच्याच गळ्यात पडले होते. त्याच्या गल्लीच्या तोंडाशी भटूची केबिन, म्हणजे टपरी होती, कुल्फी आणि कोल्ड कोकोची. भटूकडे मोठा डीप फ्रीज होता आणि लिंबायतची वीज चालू होती.

अपर्णाने मला स्टीलच्या डब्यात घातले. डबा थर्माकोलच्या पेटीत ठेवला, भोवती बर्फ भरला आणि पेटी सुकदेवच्या सायकलला बांधली. तिने त्याला तीन तीनदा सांगितले. हात लावायचा नाही, उघडायचे नाही, वीज गेली तर बर्फ घालायचा. सुकदेव म्हणाला, मॅडम, काळजी करू नका.  दोघांनाही काळजी वाटत होती.

[या रस्त्याचा काही भाग माझ्याकडे नाही.]

रस्ता रिकामा होता. दोन्ही कडांना जंतुनाशक पांढरी पावडर मारलेली होती. गटारावर, उकिरड्यावर, भिंतींच्या बुडाशी, मातीचा रंग दिसू नये इतकी. एका चौकात पावडर मारणाऱ्या माणसांनी सायकल थांबवली. पेटीत काय आहे, असे त्यांनी गुजरातीत विचारले. पेटीतून पाणी ठिबकत होते. रशियाची माती म्हटले असते तर पेटी उघडली असती, आणि मग मी उन्हात, पावडरीत, कदाचित गटारात. सुकदेव म्हणाला, कुल्फी आहे. अशा दिवसांत कुल्फी कोण खातो, त्यांनी विचारले. सुकदेव म्हणाला, खाणारे गेले, म्हणून तर परत नेतोय. ते हसले. बरेच दिवस कोणी हसले नव्हते, असे ते हसणे होते. त्यांनी सायकल सोडली.

माझ्या कडेचा एक पापुद्रा तोवर ओला झाला होता. मी तो गच्च धरून ठेवला.

भटूने डब्याचे झाकण उचलून पाहिले. ही सगळी मंडळी घरात आणि गल्लीत खानदेशची अहिराणी बोलत.

"सुक्या, लोके जीव लिसन पळी ऱ्हायनात, आन तू माले माती ली उना?" तो म्हणाला. "कोन्ता फ्लेवर शे हाऊ?"

पण त्याने कुल्फीचे साचे बाजूला सारले आणि मला अगदी तळाशी, जिथे सर्वांत जास्त थंडी, तिथे ठेवले. झाकण पडले. अंधार आला. मी पुन्हा दगड झाले. मित्रांनो, मला वाटले, वाचले.

*

आता इंदुबाईविषयी सांगते. तिच्यावर राग धरू नका. मी धरलेला नाही.

नवरात्रात घट बसवतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. टोपलीत काळी माती पसरायची, तिच्यात गहू पेरायचे, मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवायचा. रोज एक माळ. शेजारी दिवा, तो नऊ दिवस विझू द्यायचा नाही. घटाचे पाणी पाझरून मातीत उतरते, गहू वर येतात. जितके हिरवे येतील तितके घराचे बरे.

माती मात्र वावरातली हवी. जिथे चप्पल पडत नाही, घाण पडत नाही, तिथली. लिंबायतमध्ये इतकी वर्षे राहूनही इंदुबाईने शहराची माती घटाला कधी घेतली नव्हती. दर वर्षी गावाहून येणारा कोणीतरी फडक्यात बांधून आणी आणि दसऱ्यानंतर ती माती परत गावी जाई, त्याच वावरात. ती देवीला दिलेली नव्हती, तर वावराकडून उसनी आणलेली होती, असा तिचा हिशेब.

त्या वर्षी गावाहून कोण येणार? गाड्या लोकांना घेऊन जात होत्या, घेऊन येत नव्हत्या. गल्लीतली माती पांढऱ्या पावडरीखाली गेली होती. सरलाबाई म्हणाली, या वर्षी नुसता तांब्या ठेवू. इंदुबाईने मान हलवली. दारोदार माणसे मरणाला भ्यालेली असताना याच वर्षी घट चुकवायचा, हे तिच्या मनाला पटेना. देवी यातून समजायचे ते समजेल, असे ती म्हणाली.

आणि मग तिला मी आठवले. सुकदेवनेच घरी सांगितले होते, मॅडमची माती अशा मुलखातली आहे की तिथे माणूसच राहत नाही.

"जठे मानूस नही, चप्पल नही, ते वावर," इंदुबाई म्हणाली. "त्यानापेक्षा सोवळी माती कोठे भेटी?"

सरलाबाईने तिला आठवण करून दिली की मॅडमनी हात लावू नका असे सांगितले आहे.

"मी काय खाई टाकसू का? दसरा व्हयना की परत दी देसू. माती काय पळी जास?"

सुकदेव फाटकावर पहाऱ्याला होता. इंदुबाई भटूकडे गेली आणि डबा मागितला. त्याला वाटले सुकदेवने पाठवले असेल. त्याने डबा काढून तिच्या पदरात दिला. काकू, सांभाळून, हात भाजेल इतका गार आहे, एवढेच तो म्हणाला.

मी दगडासारखी घट्ट होते. तिने मला पाट्यावर ठेवले आणि वरवंट्याने फोडले. मग दारापुढच्या ओटल्यावर फडके अंथरून उन्हात पसरले.

मित्रांनो, इथून पुढे मला नीट सांगता येत नाही.

ऊन. सरळ अंगावर. कधीच नव्हते, इतक्या थरांवर एकदम.

पाणी आधी कडेने, मग मधून, मग

कोणीतरी जागे झाले. मी म्हटले, झोप. त्याने ऐकले नाही. त्याच्या शेजारचा उठला. त्याच्या

ताटे वाढलेलीच होती.

[इथे शेवाळाचा एक उन्हाळा होता. गेला.]

[इथे दोन. नाही. इथे काय होते?]

वास येतो आहे. इंदुबाई म्हणते, गोठ्यासारखा वास आहे, खत चांगले दिसते. तिचा हात माझ्यात फिरतो. मऊ हात. गहू पडतात. वर पाण्याचा घट येतो, जड, पाझरणारा. शेजारी दिवा लागतो. ऊब आणि ओल, दोन्ही एकदम, आणि विझायचे नाही असा दिवा.

धरून ठेव, धरून ठेव, मी स्वतःला सांगते. कशाने धरू? धरणारी थंडी गेली.

*

सुकदेवला कळले तेव्हा तिसरी माळ चढली होती.

चार दिवस तो फाटकावरच मुक्कामाला होता; पहारा संपवून भटूच्या केबिनवर बर्फ आहे की नाही ते पाहायला गेला, तर तळाशी डबा नाही. तो धावत घरी आला. घरात दिवा, माळ, आणि टोपलीत माझ्यातून वर आलेले गव्हाचे पांढरे कोंब. त्याने तोंडावरचा रुमालही काढला नव्हता.

"माय, हाई काय करं तू?"

इंदुबाईने काय केले ते सांगितले. तिच्या आवाजात लपवालपवी नव्हती. तो टोपली उचलायला वाकला. भटूच्या फ्रीजमध्ये लगेच ठेवली तर अजून काही उरेल, असे तो म्हणत होता, आणि मित्रांनो, त्याचे खरे होते. तिसऱ्या माळेला माझे बरेचसे शाबूत होते. मी त्या टोपलीत त्याच्या हातांची वाट पाहत होते.

इंदुबाई टोपलीपुढे येऊन बसली.

"घट हालाडतस का कोनी? दसरा लगून हालनार नही."

"माय, त्या बाईनी नोकरी, तिनं नाव, समदं या मातीमा शे."

"आन आपला जीव? तो कशामा शे?"

गल्लीत तेव्हा एक रुग्णवाहिका उभी होती. तिचे इंजिन चालू होते. सुकदेव ते ऐकत राहिला. रुग्णवाहिका गेली. त्याने दोन्ही हात मागे घेतले आणि भिंतीला टेकून बसला. सरलाबाईने त्याला पाणी दिले, ते त्याने प्यायले नाही.

त्यानंतर रोज तो फाटकावरून आला की आधी माझ्याकडे बघे. मी हिरवी होत होते.

माझ्यात फक्त कार्बन नव्हता. झाडांना लागणारे खतही होते, त्याच न कुजलेल्या पानांत कोंडलेले. जीव जेवू लागले तसे ते मोकळे झाले आणि गव्हाच्या मुळांनी ते उचलले. पाती टचटचीत वर आली, गर्द, बोटाला टोचतील इतकी ताठ. उरलीसुरली शेजारीण बघायला येऊ लागली. तोंडाला पदर लावून दारातून हात जोडी. इंदुबाईचा घट असा आला, म्हणजे आता आजार हटणार, असे गल्लीत बोलले जाई. भटूने केबिनच्या दारातून नमस्कार केला आणि म्हणाला, माझ्या फ्रीजचाही त्यात वाटा आहे.

मित्रांनो, हजारो वर्षे मी माझे काम केले तेव्हा माझे कौतुक करायला कोणी आले नव्हते. आता मी हातातले सगळे सोडत होते, तर लोक हात जोडत होते. वर हिरवे दिसत होते, म्हणून खाली काय चालले आहे ते कोणाला दिसले नाही. पातीही हवेतून थोडे घेत होती. मी सोडत होते त्याच्या मानाने ते फार थोडे होते.

[इथे मोठे भोक आहे. मी त्याच्या काठाने चालते.]

*

गाड्या पुन्हा येऊ लागल्या त्या आठवड्यात अपर्णा परतली. सामान घरी टाकून सरळ भटूच्या केबिनवर आली. भटूने तिला बघितले आणि पहिल्यांदाच त्याला काही विनोद सुचला नाही. त्याने नुसते सुकदेवच्या घराकडे बोट केले.

दारात चप्पल काढून ती आत आली. इंदुबाई आनंदाने उठली.

"या मॅडम. दखा तुमनी माती. इतला हिरवा घट मनी उमरमा नही दखा."

अपर्णा माझ्यापुढे गुडघ्यांवर बसली. तिने हात जोडले नाहीत आणि ओरडलीही नाही. तिने वाकून वास घेतला, आणि वास घेताच तिचे डोळे मिटले. मी तिला ओळखले. तिने मला ओळखले की नाही, सांगता येत नाही.

सुकदेव म्हणाला, "मॅडम, तुम्ही सांगा. मी आत्ता उचलतो. मायला काय वाटायचं ते वाटू द्या."

 इंदुबाई टोपलीच्या कडेवर हात ठेवून बसली. अपर्णाने त्या हाताकडे पाहिले.

"राहू द्या, सुकदेव," ती म्हणाली. "आता उचलून काही उपयोग नाही."

इंदुबाईला वाटले, मॅडमनी देवीचा मान ठेवला. तिने अपर्णाच्या हातावर साखर ठेवली. अपर्णाने ती मुठीत धरली आणि निघून गेली.

दसऱ्याला घट उठला. गव्हाची पाती उपटून गल्लीतल्या माणसांनी टोपीत आणि कानामागे खोचली. इंदुबाईने माझ्यातली मुळे एक एक वेचून काढली, मला सावलीत वाळवले आणि घासून लख्ख केलेल्या त्याच डब्यात भरले. दुसऱ्या दिवशी अपर्णा आली तेव्हा इंदुबाईने डबा दोन्ही हातांनी पुढे केला. म्हणाली, मूठभरसुद्धा कमी नाही, हवे तर तोलून घ्या. तिने शब्द दिला होता आणि तो पाळला होता. तिच्या चेहऱ्यावर ते दिसत होते.

अपर्णाने डबा घेऊन खाली ठेवला. मग तिने इंदुबाईच्या पानाच्या डब्यातला चुना मागितला. तो पाण्यात कालवला, गाळ बसू दिला आणि वरचे निवळ पाणी वाटीत घेतले. बोटभर मला ताटलीत काढून थोडे ओले केले, शेजारी ती वाटी ठेवली आणि दोन्हींवर मोठे काचेचे भांडे पालथे घातले. दुसरी तशीच वाटी तिने दुसऱ्या पालथ्या भांड्याखाली ठेवली, माझ्याशिवाय.

मग सगळे चहा प्यायले. प्लेग कसा ओसरला, कोण कुठे अडकले, अशा गोष्टी झाल्या. जेवणाच्या वेळेपर्यंत माझ्या शेजारच्या वाटीतले पाणी पांढुरके झाले आणि त्यावर सायीसारखा पापुद्रा आला. दुसरी वाटी निवळच होती.

इंदुबाईने विचारले, ही साय कशाची?

"तुमच्या चुन्याची, आणि हिच्या श्वासाची," अपर्णा म्हणाली. "आजी, मी दिली तेव्हा ही श्वास घेत नव्हती. हिच्या पोटात फार जुनं काहीतरी होतं. ते असं हवेत जातंय, ऊब लागली तेव्हापासून."

"मंग परत गोठाडी टाका. भटूनं फ्रिज शेच."

"गोठेल की. पण गेलं ते परत आत येणार नाही."

इंदुबाईने भांड्याकडे पाहिले. मग डब्याकडे. तिची बोटे मुळे वेचल्यासारखी पदरावर फिरत होती.

"मंग मी तुमले काय परत दिधं?"

अपर्णाने खोटे सांगितले नाही. "भांडं दिलंत, आजी. आतलं सगळं नाही."

 कोणी कोणाची समजूत काढली नाही. अहमदाबादची तारीख अपर्णाने त्याच आठवड्यात सोडून दिली. कुप्यांतली हवा तिच्याकडे होती, पण तिच्याशी जुळवायला मी नव्हते. माझ्यात आता गव्हाचे, घटाच्या पाण्याचे, लिंबायतच्या हवेचे इतके मिसळले होते की माझे वय कोणी सांगू शकले नसते. या कामावरचा तिचा शोधनिबंध परत आला. वरिष्ठांनी लिहिले होते, पुरावा अपुरा.

जाताना तिने मला नेले नाही. इंदुबाईने विचारले होते, हिला हिच्या वावरात कसे सोडायचे? ते फार लांब आहे, अपर्णा म्हणाली. तेव्हा इंदुबाईने तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात मला भरले आणि दाराशी ठेवून तुळस लावली. मी अजून तिथेच आहे.

*

पुढच्या उन्हाळ्यात अपर्णा पुन्हा उत्तरेला गेली. माझ्याच जागेवरून नवा तुकडा काढायचा आणि अर्धे राहिलेले पुरे करायचे, असे ठरवून गेली होती. परतल्यावर ती लिंबायतला आली. माग पूर्ववत खडखडत होते, गल्लीतून कापडाचे तागे भरलेला टेम्पो चालला होता, भटूचा फ्रीज घरघरत होता. इंदुबाईने तिला माझ्या शेजारी ओटल्यावर बसवले आणि आधी तेच विचारले. मिळाली का माती?

अपर्णा म्हणाली, नाही मिळाली. खुणेची काठी होती, पण ती तिरपी झाली होती. जिथे मला काढले होते तिथली जमीन खचून पाण्याचे तळे झाले होते. त्यातून बुडबुडे वर येत होते. काठाची झुडपे कमरेएवढी झाली होती, हिरवीगार. पलीकडे अजून गोठलेली जमीन होती, पुष्कळ होती. पण माझ्या थराची माती त्या जागी उरली नव्हती.

इंदुबाई विचारात पडली. तिला तिचीच टोपली आठवली असणार. ऊब, पाणी, वर हिरवे, खाली श्वास. ती अविश्वासाने म्हणाली,

"पन तठे ते मानूसच नही. तठे घट कोनी बसाडा?"

टेम्पो अरुंद वळणावर अडकला होता आणि काळा धूर सोडत होता. अपर्णाने तो जाईपर्यंत वाट पाहिली.

"आपण सगळ्यांनी, आजी. इथे बसून. जगभर जे जळतं त्याची ऊब तिथपर्यंत जाते."

मित्रांनो, मला वाटले होते की इंदुबाई यावर देवीचे नाव घेईल, किंवा गप्प बसेल. तिने माझ्यात बोट खुपसून ओल पाहिली, जशी रोज पाहते. मग अपर्णाकडे वळली. जिने तिसऱ्या माळेला मला हलू दिले नव्हते, ती बाई म्हणाली,

"मंग हालाडा त्या घटले. दसरानी वाट कसाले दखतस?"

 तो प्रश्न मी आता तुमच्याकडे देते.

माझ्यातले जे गेले ते तुम्ही कितीही माया केलीत तरी आत येणार नाही. पण उत्तरेला माझ्यासारख्या अजून पुष्कळ झोपलेल्या आहेत. त्यांचे काम दिसत नाही, त्यांच्यावर काही देखणे उगवत नाही, आणि त्या जाग्या झाल्या तर आधी हिरवेच दिसेल. तेवढ्याने फसू नका. त्यांच्या उशाशी पेटलेले दिवे तुमच्या घरांत, रस्त्यांत आणि कारखान्यांत आहेत. ते कमी करणे तुमच्या हातांत आहे. मी फक्त

[इथे एक वाक्य होते.]